शेवटच्या शेतातली हाळी

रत्ना गेल्याचा फोन आला तेव्हा मी बारामती एमआयडीसीतल्या आमच्या डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. सकाळची वेळ, फाटकाशी टँकर लागलेले, माझ्यापुढे दुधाच्या नमुन्यांच्या बाटल्या. पलीकडून तिचा धाकटा भाऊ मिलिंद एवढंच म्हणाला, "शोभाताई, आक्का गेली." मी "बरं" म्हणाले. अशा वेळी माणूस काय बोलतो याला काही अर्थ नसतो. फोन खाली ठेवला, हातातला नमुना तपासून पूर्ण केला, त्याच्यामागचाही केला, कारण रडायच्या निमित्तानं मी टँकर उन्हात उभा ठेवला असता तर रत्नानंच मला झापलं असतं. मग हात धुतले, बाहेर आले, आणि गाडी शेळगावच्या रस्त्याला लावली. त्याला आता काही आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहा असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हणाले. मग वाटलं, दुसरं कुणी लिहिलं तर चारीचं राहूनच जाईल.

वर्तमानपत्रांतून जे छापून आलं त्यात 'विकासाच्या अर्थशास्त्राच्या नामवंत अभ्यासक' असं होतं. खोटं काही नाही. बारामतीच्या एका कॉलेजात तिनं उभं आयुष्य अर्थशास्त्र शिकवलं, पुस्तकं लिहिली, मानाच्या शाली घेतल्या आणि त्या शाली गावातल्या म्हाताऱ्यांना थंडीत वाटून टाकल्या. पण मला विचाराल तर तिची खरी ओळख वेगळी आहे. शेळगावची ही बाई श्रीमंत देशांची परीक्षा घ्यायला गेली होती, आणि तिनं ती कडक घेतली.

तिकडून पाहुणे येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय होतं ते मी सांगायला नको. रस्ता झाडला जातो, शाळेच्या भिंतीला रंग लागतो, अंगणवाडीतली पोरं तेल लावून रांगेत बसतात, आणि पाहुणे कागदावर खुणा करत हिंडतात. त्यांनी तपासायचं आणि आपण तपासून घ्यायचं, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की ते उलटंही होऊ शकतं हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. रत्नाच्या बाबतीत ते झालं. जगातल्या देशांनी मिळून सतरा उद्दिष्टं ठरवली आहेत, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. गरिबी हटावी, कुणी उपाशी राहू नये, पाणी स्वच्छ असावं, हवा आणि जमीन पुढच्यांसाठी शाबूत राहावी, अशी ती उद्दिष्टं. ती गाठायला खुद्द श्रीमंत देश कितपत तयार आहेत हे बघायला एक पथक नेमलं गेलं. त्यात गरीब देशांतली माणसं मुद्दाम घेतली होती, आणि त्यांतली एक आमची रत्ना. हे लिहिताना माझी छाती फुगते. फुगू दे.

ती तिकडे काय करून आली हे सांगायचं तर आधी आमची चारी सांगायला हवी. कालव्याला फाटा असतो, फाट्याला चारी, आणि चारीच्या दोन्ही अंगांना शेतं. आमचं शेत चारीच्या तोंडाशी. रत्नाच्या वडिलांचं, आबांचं, पार शेवटाला, ज्याला आमच्याकडे सगळे टेल म्हणतात. छप्पन सालानंतर धम्म स्वीकारलेलं ते घर. त्यांचं रान टेललाच का आणि आमचं तोंडाशीच का, हे शेळगावात कुणी कुणाला विचारत नाही, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. कालव्याचं आवर्तन सुटलं की पाणी आधी आमच्याकडे यायचं आणि टेलला पोचेपर्यंत त्याच्यात काही जीव उरायचा नाही. हे किती वर्षं चाललं कोण जाणे. मग आबा आणि माझे वडील, तात्या, यांनी बसून एक रीत घालून दिली. दोघांचं पटायचं. का पटायचं ते मला अजून कळलेलं नाही, तात्या तर सख्ख्या भावाशी बोलत नसत. रीत अशी की आवर्तन सुटलं की आधी टेलचं रान भिजवायचं. ते भिजलं की तिथून हाळी द्यायची, "भिजलंऽऽ". मधल्या शेतांनी ती तोंडोतोंडी वर पोचवायची, आणि ती आमच्यापर्यंत आली की मग पाळी वरून सुरू. तोवर कुणी आपल्या शेताचं दारं, म्हणजे पाणी आत घ्यायची मातीनं बुजवलेली वाट, फोडायचं नाही.

आबांच्या घरची हाळी रत्ना द्यायची. अंगानं काडी, पण आवाज असा की बांधावरच्या टिटव्या उडाव्यात. एका उन्हाळ्यात मधल्या एका शेतकऱ्याची काकडी माना टाकायला लागली, त्याचा धीर सुटला, आणि खालची वाट न बघता त्यानं आपणच हाळी दिली. ती वर आली, तात्यांनी दारं फोडलं, आमचा ऊस गटागटा पाणी प्यायला लागला. थोड्या वेळानं चारीच्या कडेकडेनं परकर वर खोचलेली एक पोरगी ताडताड चालत आली, पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले. मी बांधावर शेंगा खात बसले होते. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. ती थेट तात्यांसमोर जाऊन उभी राहिली.

"तात्या, मी हाळी दिल्याली न्हाय."

"मग ती आली कुठनं?"

"ते मला ठाव न्हाय. आमचा निम्मा कांदा कोरडा हाय. मी दिल्याली न्हाय, एवढं मला ठाव हाय."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं, आणि खोऱ्यानं माती ओढून दारं बुजवलं. मला वाटलं आता ते कुणावर तरी ओरडणार. ते ओरडले नाहीत. मला म्हणाले, "शोभे, म्होरल्या पाळीपासनं तू मोरीवर जाऊन उभी ऱ्हायचं. ह्या पोरीचा आवाज वळखून ठेव. तिचा आसंल तरच वर सांगायचं." आमची चारी मध्यावर रस्त्याखालून जाते, तिथं ती मोरी आहे. तिच्या कठड्यावर उभं राहिलं की टेलचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. त्या पाळीपासून मधल्या लोकांची हाळी बंद झाली आणि आमच्या दोघींची सुरू झाली. तिनं द्यायची, आणि ती तिचीच आहे याची ग्वाही देऊन मी वर पोचवायची. इतरांच्या मैत्र्या शाळेत होतात, खेळताना होतात. आमची अशी झाली.

पुढे दोघी बारामतीला शिकायला आलो. मी विज्ञानाला, ती अर्थशास्त्राला. मी डेअरीत चिकटले, ती कॉलेजात. शिकवताना ती फळ्याजवळ फार कमी असायची. वर्गाच्या मागच्या बाकाशी जाऊन उभी राहायची, तिथं बसलेल्याला कळलं का विचारायची, आणि त्याला कळेपर्यंत पुढं जायची नाही. पुढच्या बाकांवरची हुशार पोरं माना वळवून वळवून वैतागायची. त्यांतली कितीतरी आता मोठमोठ्या पदांवर आहेत. रत्ना गेली त्या दिवशी ती शेळगावला आली होती, आणि त्रिसरण-पंचशील झाल्यावर एक जण डोळे पुसत मला म्हणाला की मॅडममुळे माझी मान अजून दुखते.

पथकात निवड झाल्याची बातमी गावात पोचली ती मात्र भलत्याच रूपात. आमच्या भागातून शेतकऱ्यांच्या सहली परदेशी जातात, कुणी ठिबक बघायला, कुणी शेडनेट बघायला. त्यामुळे रत्नाही तसल्याच दौऱ्याला निघाली असं सगळ्यांनी धरून टाकलं, आणि निरोपाला माणसं आली ती मागण्या घेऊन. "रत्नाबाई, तितलं ढोबळी मिरचीचं बियाणं मिळालं तर बघा." "त्येंच्या गाया काय खात्यात ते नीट इचारून या." ती प्रत्येकाला समजावत होती की मी शिकायला नाही, तपासायला निघाले आहे. कुणाला ते खरं वाटेना. शेजारच्या एका म्हाताऱ्यानं डोळे बारीक करून विचारलं, "त्यास्नी? तुमी तपासणार? आन् नापास झालं तर?" रत्ना म्हणाली, "तर नापास म्हनायचं. दुसरं काय?" सगळे पोट धरून हसले. बियाणं तिनं आणलं नाही, तसं आणताही येत नाही. पण त्या म्हाताऱ्याला लोकरीची कानटोपी आणली, आणि तो ती भर उन्हाळ्यात घालून एसटी स्टँडवर हिंडला. त्याच स्टँडवर गावानं तिचा मोठा फलक लावला होता. फलकावरचं अभिनंदन एवढं लांबलचक होतं की तिचं नाव शेवटच्या ओळीत कसंबसं बसलं होतं.

कोणत्या देशात गेली ते सांगायची तिला मनाई होती, म्हणून मीही सांगत नाही. थंड आणि वाजवीपेक्षा जास्त नीटनेटका देश, एवढं पुरे. परत आल्यावर माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, वाटाण्याच्या शेंगा सोलत तिनं सगळं सांगितलं. ती काही नावं ठेवायला गेली नव्हती. "खोटं कशाला बोलू शोभे, डोळं निवलं माझं. नळाला तोंड लावून पाणी प्यायचं. नदी अशी की तळातला गोटा दिसतो. म्हातारी माणसं एकटी बसमधनं हिंडत्यात, आन् त्यांना चढता यावं म्हणून बस एका अंगाला खाली वाकती." कायदे होते, पैसा होता, प्रत्येक उद्दिष्टाला एक वेगळं खातं होतं आणि प्रत्येक खात्याकडे पुढच्या कैक वर्षांची आखणी होती. पथकाचे अध्यक्ष स्वतः दुसऱ्या एका श्रीमंत देशातले निवृत्त अधिकारी. अत्यंत सभ्य माणूस, सगळ्यांना चहा स्वतः ओतून द्यायचा. दौरा अर्धा होतो न होतो तोच त्यांनी मसुद्यात 'उद्दिष्टांसाठी तयार' असा शेरा सुचवला. सगळ्यांनी माना डोलावल्या. रत्नानं विचारलं, शहरात बसचा शेवटचा थांबा कुठं आहे?

यजमानांना वाटलं बाईंना हिंडायची हौस आहे. त्यांनी नेलं. शेवटच्या थांब्याजवळच्या इमारतीत एक आजी भेटली. ती हिवाळ्यात घरातली एकच खोली गरम करायची आणि बाकीच्या खोल्यांच्या दारांना चादरी कोंबून ठेवायची, कारण सगळं घर तापवणं तिला परवडत नव्हतं. बरोबरचे अधिकारी एकमेकांकडे बघायला लागले. रत्ना मला म्हणाली, "तू कॅन ढवळल्याशिवाय नमुना घेतीस का? घेत न्हाईस. वरची साय येती म्हणून. मला पार त्या दिवसापतोर सायच दाखवत हुते." पण आजी ही काही गोष्टीचा शेवट नव्हे. आजीनं पाहुणचार म्हणून टेबलावरचं एक डाळिंब फोडून दिलं, नातीनं आणलेलं. त्याच्यावरच्या चिकटपट्टीवर आपल्या देशाचं नाव होतं. ते आमच्या इंदापूर तालुक्यातलंच होतं असं रत्ना कधी म्हणाली नाही, तिला तसं म्हणणं चाललंच नसतं. एवढंच म्हणाली की दाणे तोंडात टाकताना तिला आमची चारी आठवली.

आणि मग तिला सगळं भराभर दिसत गेलं. यांची नदी नितळ, कारण पाणी पिणारी पिकं दुसरीकडे काढली जातात. हवा स्वच्छ, कारण कापड रंगवायचं, लोखंड वितळवायचं ते दुसऱ्यांच्या अंगणात. मोडकी यंत्रं फोडायला बोटीनं लांब कुठंतरी जातात. उद्दिष्टं गाठल्याच्या खुणा मात्र यांच्या कागदावर. शेंग हातात तशीच धरून ती म्हणाली, "त्यांची चारी त्यांच्या हद्दीत संपतच न्हाय गं. टेल हितं हाय, आपल्याकडं. आन् हाळी त्यांनी मधल्यामधीच दिली."

मी तिच्याशी भांडले. माझा भाऊ सुनील स्वतः डाळिंब बाहेर पाठवतो, त्याच्यावर आमचं घर उभं राहिलंय. मी म्हणाले, "तू आसं लिहिलंस आन् उद्या त्यांनी माल घ्यायचा बंद केला, मग?" ती म्हणाली, "घ्यायचं बंद करा आसं कोण म्हनतंय? डाळिंबाबरोबर पाणी जातंय, ते तुमच्या हिशोबात धरा, एवढंच म्हनते. घेणाऱ्यानं टेलला पाणी हाय का ते बघून घ्यावं. तुझ्या भावालाच बरं हाय त्ये, बोअर किती खाली गेलीय इचार त्याला." मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

पण हे सगळं मला कळलं ते ती परत आल्यावर. तिथं असताना तिचा एकच फोन आला, भर दुपारी, माझी जेवायची सुटी चालू असताना. हद्दीबाहेरचं हे म्हणणं अहवालात घ्या असा तिनं आग्रह धरला होता, आणि अध्यक्षांनी चहा ओतता ओतता सांगितलं होतं की ते आपल्या कामाच्या कक्षेत बसत नाही. पथकाचा शेरा एकमतानं जायला हवा, आणि एकमताच्या आड येणाऱ्यांना पुढच्या दौऱ्याला सहसा बोलावत नाहीत, हेही त्यांनी तितक्याच गोडीनं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी सह्या व्हायच्या होत्या.

"शोभे, सही न्हाय केली तर मला परत न्हाईत बोलवणार," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "गावानं फलक लावलाय गं माझा..."

त्या फलकाचं तिला खरंच ओझं झालं होतं. आबा तेव्हा नव्हते, पण त्यांची मुलगी जगाच्या पंक्तीत जाऊन बसली म्हणून सबंध वस्तीला जो आनंद झाला होता तो तिनं डोळ्यांनी पाहिला होता. तिला हाकललं असतं तर ते एकटीचं हाकलणं झालं नसतं. मी काय सांगणार होते? मला ना तिचं अर्थशास्त्र कळत होतं ना त्या लोकांचे नियम. मी आपलं मला येत होतं तेवढं विचारलं.

"हाळी तू दिलीस का?"

"न्हाय."

"मग झालं तर."

ती हसली. लहानपणी हसायची तशी, नाकातून. फोन ठेवताना म्हणाली, डबा खा, वरण गार होईल.

दुसऱ्या दिवशी तिनं सही केली नाही. उभी राहिली आणि त्या काचेच्या इमारतीत, लांबलचक टेबलाभोवती बसलेल्या साहेबांना आमच्या चारीची गोष्ट इंग्रजीतून सांगितली. तिचं इंग्रजी उत्तम होतं, पण त्याच्यातून शेळगाव कधी गेलं नाही, आणि ते जावं म्हणून तिनं कधी खटपटही केली नाही. आबा, तात्या, काकडीवाला, मोरी, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली की तुमची तयारी मी पाहिली, ती मोठी आहे, आमच्याकडे तिच्या पासंगालाही पुरेल असं काही नाही. पण पाणी पोचलं हे सांगायचा अधिकार ज्याचं रान शेवटाला आहे त्याचा असतो, आणि त्याला अजून कुणी विचारलेलं नाही. पथकात पूर्व आफ्रिकेतल्या एका देशातली बाई होती, तिच्या माहेरीही कालव्याचं पाणी. रत्ना तिला गमतीनं माझी जाऊ म्हणायची. त्या जावेनं तेवढी टेबलावर थाप मारली. बाकी कुणी काही केलं नाही.

अहवाल 'तयार' म्हणूनच गेला. रत्नाचं म्हणणं शेवटच्या पानावर बारीक टाइपात छापलं, आणि पुढच्या दौऱ्याचं बोलावणं आलं नाही. गावात कुजबुज झाली की रत्नाबाईच नापास झाल्या म्हणे. ती कुणाला काही सांगत बसली नाही. फलक उन्हानं विटला, एका बाजूनं फाटला, मग कुणीतरी तो गोठ्याला आडोसा म्हणून लावला. तिला हे कळलं तेव्हा म्हणाली, "बरं झालं. फोटुत मी लय गोरी दिसत हुते, म्हशीबी वळखायच्या न्हाईत." मी मात्र त्या काळात ज्याला त्याला धरून सांगायची की सही केली नाही म्हणून बोलावलं नाही. लोक ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. त्यांना वाटायचं, मैत्रीण आहे, बोलणारच.

ती खचली असं कुणी समजू नये. मला डेअरीनं निवृत्तीनंतरही ठेवून घेतलं, ती मात्र निवृत्त झाल्यावर शेळगावला राहायला गेली, मिलिंदच्या घरी, टेलला. तिथून जावेला लांबच्या लांब ईमेल लिहायची, जाऊ आणखी कुणाला कुणाला पाठवायची, असं त्यांचं चाललेलं असायचं. हृदय दमत चाललं होतं, डॉक्टरांनी चालणं कमी करायला सांगितलं, तेवढंच तिनं ऐकलं नाही. आमची शेवटची भेट अंगणातल्या बाजेवर झाली. मी जरा चिडूनच म्हणाले, एवढं लिहितेस, कोण ऐकतंय तिकडं? ती म्हणाली, "हाळीला वर जायला येळ लागतो, बाई. मधी शेतं असत्यात. एकेकाच्या कानावर पडत जाती." मग म्हणाली, तुझ्या घरी जवस असेल तर चटणी करून आण, इथली सून तिखट घालायला घाबरते. मी करून ठेवली होती. न्यायची राहिली...

ती गेल्यानंतर काही दिवसांनी जावेचा मला ईमेल आला. माझा पत्ता रत्नानं कधी दिला होता कोण जाणे. पथक बदललं होतं, अध्यक्ष बदलले होते, आणि श्रीमंत देशांना तपासण्याची नवी पद्धत ठरली होती. त्यात सर्वांत आधी, बाकी कशाच्याही आधी, एक पायरी घातली आहे. त्या देशातला जो शेवटचा माणूस आहे त्याला आधी भेटायचं, आणि त्या देशाच्या ताटात जे येतं, अंगावर जे येतं, त्याचं ओझं हद्दीबाहेर ज्यांच्यावर पडतं त्यांनाही विचारायचं. ते म्हणतील तेव्हाच 'तयार' लिहायचं. या पायरीला इंग्रजीत बरोबर शब्द सापडेना म्हणून तिचं नावच त्यांनी ठेवलं आहे, हाळी. रोमन लिपीत. मी ते प्रयोगशाळेत उभ्यानं वाचलं आणि मोठ्यानं हसले. मोठमोठ्या देशांतले साहेब आता 'ळ' म्हणायला जिभा वळवत बसतील. मग बाटल्यांच्या आड तोंड करून रडलेही. पण ते रडणं अभिमानाचं होतं, हे मी छातीठोकपणे सांगते. रत्नी, तू नापास झाली नव्हतीस गं.

छापून घेतलेला कागद घेऊन मी शेळगावला गेले. कालव्याचं आवर्तन सुटलं होतं, मिलिंद शेतात पाणी धरत होता. त्याला इंग्रजी येत नाही, म्हणून बांधावर बसून मी त्याला सगळं मराठीत सांगितलं. तो खोऱ्यावर हात ठेवून ऐकत होता. सांगून झाल्यावर म्हणाला, "आबांचं नाव हाय का त्यात?"

"नाव नाही. रीत आहे."

"रीत हाय तर झालं." त्यानं पाणी पुढच्या सरीत वळवलं. "लिवलंय ते चांगलं झालं, ताई. पर पोचलं का त्यांचं पाणी? टेलला?"

"अजून नाही."

"मग दमानं घ्या म्हनावं. हाळी द्यायची घाई करू नगा."

अगदी तिच्याच घरचा माणूस. मी उठले आणि चारीच्या कडेनं परत निघाले. मोरीपाशी आले तोच फोन वाजला. आता चारीवरच्या शेतकऱ्यांचा मोबाइलवर ग्रुप आहे, हाळी तिथंच टाकतात. मधल्या कुणीतरी लिहिलं होतं, 'भिजलं'. लगेच सुनीलचा फोन आला, "ताई, तू तितंच हायस न्हवं? फोडू का दारं?"

मागे मिलिंदच्या रानात अजून दोन सऱ्या कोरड्या होत्या. त्या मी आत्ता डोळ्यांनी पाहून आले होते.

"थांब," मी म्हणाले, आणि फोन बंद करून कठड्यावर चढले. या वयात चढायला जमलं ते जमलं. ऊन होतं, वारा खालून वर येत होता. बऱ्याच वेळानं टेलकडून आवाज आला, "भिजलंऽऽ". मिलिंदची सून होती. आवाज रत्नाचा नव्हता, तिच्या आवाजाच्या निम्माही नव्हता. पण शेवटच्या शेतातून आला होता.

मी वरच्या अंगाला तोंड केलं आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरून हाळी दिली.